अर्ध्या झग्याचे राखणदार

हॅमिल्टन, न्यूझीलंड
बुधवार, २२ ऑगस्ट २०१८

प्रिय इनास,

पाकिटावर तुला रीतसर 'रेव्हरंड फादर' केलं आहे, म्हणजे वसईचा पोस्टमन पत्र नीट हातात देईल. आत मात्र तू सांगलीच्या होस्टेलमधला, थर्मोडायनॅमिक्सच्या पेपराला घाबरून देवाकडे पळालेला इनासच आहेस (तक्रार असेल तर बिशपांकडे करावी). तुझा डावा गुडघा कसा आहे? ज्या धंद्यात दिवसातून दहा वेळा गुडघे टेकायचे, त्या धंद्यात गुडघाच दगा देतो, हा तुमच्याकडचा न्याय मला कधी कळला नाही. तुझ्या बहिणीने मागच्या वर्षी पाठवलेली सुकेळी इथल्या विमानतळावर जप्त झाली होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. छान लागली असं कळवलं होतं. माझ्या खोटं बोलण्याची सुरुवात साधारण तिथून धरलीस तरी चालेल.

आमच्याकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मी चार दिवस हॉस्पिटलात पडून आहे. पोटात खडे झाले होते. खडे काढतो म्हणाले आणि आख्खं पित्ताशयच काढून घेतलं. मग त्या जागी पू झाला, म्हणून मुक्काम वाढला. जिवाला धोका नाही, उगाच मेणबत्त्या लावू नकोस. स्नेहलता रोज मऊभात घेऊन येते आणि मी तो खाईपर्यंत पोलिसासारखी बसून राहते. मैत्रेयी ऑफिस सुटल्यावर येते. बाप कागदावर पेनाने पत्र लिहितोय हे पाहून म्हणाली, 'बाबा, जस्ट व्हॉट्सॅप हिम.' मी म्हटलं, काही गोष्टी बोटाने सरकवायच्या नसतात. तिने खांदे उडवले.

तर परवाची हकिकत. भरती होताना फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, धीर द्यायला तुमच्या धर्माच्या चॅप्लेनची भेट हवी का. मी 'हो'वर खूण केली. (चार वर्षांच्या अनुभवाने सांगतो, 'नको'वर खूण केलेल्याकडे कोणी फिरकत नाही आणि मग तो माणूस टीव्हीवर शेळ्यामेंढ्यांचे लिलाव बघत बसतो.) सकाळी अकरा वाजता माझ्या फोनवर निरोप आला, आम्हा चॅप्लेनांच्या यादीचं काम बघणाऱ्या लॉरेनबाईंचा: किया ओरा मधुकर, तिसऱ्या मजल्यावर एक हिंदू पेशंट आहेत, वय अठ्ठावन्न, चॅप्लेनला भेटायचं म्हणतात, जमेल का? नाव नव्हतं, नियमाने ते फोनवर देत नाहीत. मला त्या गृहस्थाची खरोखर दया आली. अठ्ठावन्न म्हणजे आपल्याच वयाचा, परक्या देशात, बिचाऱ्याला बोलायला कोणी नाही. मी पायात जँडल (इथल्या रबरी सपाता) सरकवल्या, सलाइनचा खांब हाताशी घेतला आणि भिंत धरत नर्सच्या टेबलाशी जाऊन त्या पेशंटचा खाट नंबर विचारला. तिने यादीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याच खाटेकडे बोट केलं. मग ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही हसलो. टाके पडलेल्या माणसाने हसू नये, ते त्याच वेळी कळलं.

खाटेवर येऊन पडलो आणि हसू गेलं. या शहराच्या यादीत हिंदू चॅप्लेन एकच, आणि तो मी. मला भेटायला मीच येणार, आणि इनास, त्या माणसाला भेटायची माझी अजिबात इच्छा नाही. गेल्या महिन्यात त्याने एका मरणाऱ्या म्हाताऱ्याला त्याच्या मुलीच्या नावावर खोटं सांगितलं. मुलीला त्याचा पत्ता नाही. म्हाताऱ्याच्या मुलाला पत्ता नाही. स्नेहलतालाही नाही. पापं ऐकून घ्यायचा परवाना असलेला माझ्या ओळखीतला एकटा तू, म्हणून हा कागद. जाळी नाही, पडदा नाही, मध्ये साडेबारा हजार किलोमीटर समुद्र आहे, तेवढा आडोसा पुरे.

मी चॅप्लेन झालो कसा, हे तुला अर्धंच माहीत आहे. दोन हजार चौदाचा गणपती. आमच्या मराठी मंडळाचे गुरुजी ऑकलंडजवळच्या मनुरेवाहून येतात. त्या दिवशी त्यांची गाडी मोटरवेवर बंद पडली. इकडे दीडशे माणसं हॉलमध्ये, मोदक गार होताहेत. कोणीतरी पूजा सांगायला हवी. स्नेहलताकडे तिच्या वडिलांची पोथी होती आणि माझ्याकडे सोवळं होतं (लग्नातलं, कमरेला पुरत नव्हतं, सेफ्टीपिन लावली). मी, मधुकर सबनीस, मासे खाणारा कायस्थ, मुंजीनंतर ज्याने संध्येचं ताम्हन पाहिलेलं नाही, दूध पावडरच्या कारखान्यात तापमापकं आणि झडपा सांभाळणारा माणूस, पाटावर बसलो आणि पोथी वाचली. अडलं तिथे फोनवरच्या दुसऱ्या एका गुरुजींची मदत घेतली. नेमक्या त्याच दिवशी लॉरेनबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी आमच्या सेक्रेटरी वसुंधराबाईंना विचारलं, तुमचे प्रीस्ट कोण. आता सरळ सांगायचं ना, की आमचे प्रीस्ट मोटरवेवर बॉनेट उघडून उभे आहेत. पण गोऱ्या पाहुणीसमोर आपल्याकडे नाही असं म्हणायचं म्हणजे मंडळाची अब्रू गेली. वसुंधराबाईंनी माझ्याकडे हात केला. कमिटीच्या अकराही जणांनी मान हलवली. फॉर्म आला. त्यात उपाधी निवडायची होती. फादर, इमाम, रबाय, पास्टर सगळे होते, 'झडपा बघणारे' नव्हतं. लॉरेनबाई म्हणाल्या, चॅप्लेन लिहू, यू'ल बी स्वीट अ‍ॅज (म्हणजे काही अडचण नाही). पंधरा दिवसांत गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आलं. हे मोडून काढायला मला चार वर्षं होती. मी ते रोज पुसून ठेवलं.

तेव्हा मी तुला विचारलं होतं की हा शब्द आहे तरी काय, आणि तू सेमिनरीत घोकलेलं लॅटिन वसूल करत चार पानं पाठवली होतीस. ती मी इथे पुन्हा वाचली, स्नेहलताला घरून आणायला सांगितली. कॅपा म्हणजे झगा. कॅपेल्ला म्हणजे लहानसा झगा. मार्टिन नावाचा रोमन शिपाई, हिवाळ्यात गावाच्या वेशीवर एक उघडा भिकारी, शिपायाने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. (सरकारी युनिफॉर्म फाडल्याबद्दल चौकशी झाली असेलच, ते तू लिहिलं नाहीस.) मग मार्टिन संत झाला, आणि उरलेला अर्धा झगा इतका पवित्र ठरला की राजे लढाईला जाताना तो बरोबर न्यायचे. ठेवायची जागा ती चॅपेल आणि सांभाळणारे ते कॅपेल्लानुस, म्हणजे चॅप्लेन. हे मी मोठ्या कौतुकाने स्नेहलताला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, म्हणजे जो अर्धा दिला त्याचं काय झालं कोणी विचारलं नाही, आणि जो दिला नाही त्याला पहारेकरी? आज इथे तुरुंगाला चॅप्लेन आहे, फौजेला आहे, विमानतळाला, घोड्यांच्या शर्यतींना, रग्बीच्या टीमलाही आहे. झगा कोणाकडेच नाही. मला हॉस्पिटलने निळं फ्लीसचं जाकीट दिलं.

आणि खोटं कशाला बोलू (अजून त्या भागाशी आलो नाही), मला ते काम आवडायला लागलं. लोक देवाबद्दल काही विचारत नाहीत, पार्किंगबद्दल विचारतात. फोनचा चार्जर मागतात. फिजीच्या एका आजींना मी तीन आठवडे तुलसीरामायण वाचून दाखवलं, त्या माझे हिंदी उच्चार दुरुस्त करत करत गेल्या. आमच्यातले एक माओरी चॅप्लेन आहेत, हेमी, सत्तरीचे, दाराएवढे रुंद. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, ब्रो, आधी बस, उभ्याने बोलू नकोस, आणि आपल्याला ठाऊक नाही ते सांगू नकोस. पहिलं मी पाळलं. लोक 'गुरुजी' म्हणून नमस्कार करायचे. सुरुवातीला मी हात मागे घ्यायचो, नंतर घेईनासा झालो.

जुलैमध्ये तुकाराम जगदाळे भरती झाले. वय शहात्तर, एसटीच्या कऱ्हाड डेपोतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. मुलगा शुभम इथे शिकायला आला आणि राहिला, आता हॅमिल्टनबाहेर गाईंच्या मोठ्या फार्मवर मॅनेजरच्या हाताखाली आहे. त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते, तिसऱ्या महिन्यात हृदयाने हात टेकले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आठवडा, फार तर दोन. शुभम पहाटेच्या धारा काढून यायचा आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचा. सून सुरुची मात्र दिवसभर असायची. म्हातारा हुशार होता, आवाज खणखणीत. खिडकीबाहेर धुकं असायचं, वायकाटो नदीचं धुकं दुपारी बारापर्यंत हलत नाही, आणि हे मला विचारायचे, गुर्जी, इथं गाड्या लेट होत न्हाईत व्हय ह्या असल्या धुक्यात? मला हा माणूस आवडला. म्हणून तर सगळं झालं.

चौथ्या दिवशी त्यांनी सुनेला चहा आणायला पाठवलं आणि मला जवळ बसवलं. म्हणाले, एक विचारायचं होतं, धर्माचं हाय. तुला आमच्यातली एक रीत सांगायला हवी, इनास. लांबचं माणूस गेल्याची बातमी आली की ऐकणारा लगेच डोक्यावरून आंघोळ करतो. पण कोणी जिवंत माणसावर इतका चिडला की ते माणूस त्याला मेलं, तर तो त्याच्या नावाने आंघोळ करतो. बहुतेक लोक नुसतं म्हणतात, तोंडी. तुकाराम जगदाळ्यांनी खरोखर केली होती. थोरली मुलगी सुरेखा, डी.एड. होऊन वसईला शाळेत लागली. दोन हजार सहा साली तिथल्याच एका शिक्षकाशी तिने रजिस्टर लग्न केलं, तुमच्यातला मुलगा. पत्र आलं. सोबत पेढ्यांचा पुडा. हे अंगणात गेले, शेजारीपाजारी बघत असताना अंगावरच्या कपड्यांसकट बादलीभर गार पाणी डोक्यावर ओतलं आणि सांगितलं, आमची सुरेखा वारली. पेढे गाईला घातले. त्यानंतर बारा वर्षं घरात तिचं नाव नाही. बायको गेली तेव्हाही कळवलं नाही. आणि आता मला विचारत होते, गुर्जी, नावानं केल्याली आंघुळ माघारी घ्येता येती का? काय विधी असंल तर करा, आता येळ न्हाई.

खऱ्या गुरुजीला उत्तर माहीत असतं. तूही काही तरी म्हणाला असतास. मला हेमींचं वाक्य आठवलं आणि ते बाजूला सारून मी म्हटलं, येते. का म्हणालो? दया आली म्हणून, आणि गळ्यात ते ओळखपत्र होतं म्हणून. त्यावर लिहिलेल्या माणसाला 'ठाऊक नाही' म्हणणं शोभलं नसतं.

त्या दिवशी घरी पोथी उलटीसुलटी केली. मेलेल्यासाठी पानंच्या पानं आहेत, जिवंतपणी मारलेल्याला परत आणायला एक ओळ नाही. मनुरेवाच्या गुरुजींना फोन केला तर म्हणाले, असं शास्त्रात नसतं सबनीस, शेवटी गोदान सांगा. (शुभमच्या फार्मवर सातशे गाई आहेत, त्यातली एकही त्याची नाही.) शेवटी झडपा सांभाळणाऱ्या माणसाने विचार करावा तसा केला. पाणी घेतलं त्याच्या उलट काय? अंग पुसणं. दुसऱ्या दिवशी घरून पंचा नेला, धुतलेला. नर्सने दिलेल्या भांड्यात कोमट पाण्यात तुळशीचं पान टाकलं, म्हाताऱ्याच्या कपाळाला बोट लावलं, संस्कृत म्हणून जे काही येत होतं ते म्हटलं (त्यात अर्धी रामरक्षा होती आणि मला वाटतं थोडा शाळेतला श्लोक) आणि मग त्यांचं डोकं पुसलं. कान पुसले, मान पुसली, हात उचलून बगला पुसल्या, लेकराला पुसतात तसं. बोटांच्या बेचक्यासुद्धा. माणूस इतका हलका झाला होता. ते डोळे मिटून होते आणि पुटपुटत होते, बारा वर्सं वलाच हाय मी. हे त्यांचे शब्द आहेत, मी रंगवून सांगत नाही. तेवढ्यात नर्स आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली की व्हॉलंटियर्सनी पेशंटला स्पंज करायचं नसतं, ते तिचं काम आहे, आरोग्यसुरक्षेचा नियम आहे. मी सॉरी म्हटलं. तिने तक्रार केली नाही, हीप्स ऑफ पेपरवर्क असतं म्हणाली.

इथवर झालं ते मला पाप वाटत नाही. तुला वेगळं वाटलं तर कळव. पुढचं वाटतं.

म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि उशीच्या खोळीतून एक चिठ्ठी काढली. त्यावर मोबाइल नंबर, डेपोच्या फलकावर लिहितात तसा ठळक. कुठल्याशा नातेवाइकाकडून मिळवला होता, तीन वर्षं जवळ होता, एकदाही लावला नव्हता. म्हणाले, माझ्याकडनं झालं, आता तिच्याकडनं हुईल का इचारा. मी शुभमकडे पाहिलं. तो जागा होता. तो बाहेर पॅसेजमध्ये माझ्यामागे आला आणि म्हणाला, नको काका, आता नका उकरू, शी हॅड ट्वेल्व्ह इयर्स. मी म्हटलं, तिच्याकडे नव्हती, त्यांच्याकडे होती. तो पार्किंगकडे निघून गेला. दुपारचे चार वाजले होते, म्हणजे तुमचे सकाळचे साडेनऊ. मी नंबर लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पॅसेजमध्ये पाच मिनिटं उभा राहिलो. मग खोलीत गेलो, खाटेजवळ बसलो (हेमींनी सांगितल्याप्रमाणे, आधी बसलो) आणि म्हटलं, बोलणं झालं. म्हणाली, अण्णांना सांगा, माझ्या मनात काही राग नाही.

सरळ, तोंड वर करून, गळ्यात ओळखपत्र घालून.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. विचारलं, अण्णा म्हनाली? मी म्हटलं, हो, अण्णाच म्हणाली. घरात शुभम, सुरुची, सगळे त्यांना अण्णाच म्हणत. ते म्हणाले, बरं. माझ्या हातावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं, म्हणाले, लई त्रास घेतला गुर्जी तुम्ही. आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुमाराला गेले. सुरुची पाणी पाजत होती. शुभम आला तेव्हा हात अजून गरम होते, हे मी नंतर त्याला तीन वेळा सांगितलं कारण त्याने तीन वेळा विचारलं. दहनाच्या ठिकाणी मंत्र मीच म्हटले, कारण यादीत दुसरं कोणी नाही. मंडळाच्या पासष्ट माणसांनी नंतर माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला आणि वसुंधराबाई म्हणाल्या, तुमच्यामुळे किती शांतपणे गेले हो ते.

तिसऱ्या दिवशी शुभमच्या घरी गेलो होतो. सुरुची फोटोला हार घालत होती आणि सहज बोलून गेली की सगळं घर अण्णा म्हणायचं, एक सुरेखाताई तेवढी लहानपणापासून आबा म्हणायची, दुसरं कोणी आबा म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, म्हणे. मी हातातला चहा खाली ठेवला. इनास, त्यांना कळलं होतं. 'अण्णा' म्हणताक्षणी कळलं होतं की फोनवर कोणी बोललेलं नाही, आणि तरी त्या माणसाने 'बरं' म्हटलं आणि मला थोपटलं. मला वाटत होतं मी त्यांची समजूत घालतोय. एक अख्खी रात्र आणि अर्धा दिवस त्यांनी ते एकट्याने जवळ ठेवलं, भिंतीकडे तोंड करून, आणि मी घरी जाऊन सुरमईचं कालवण जेवलो. मला लाज वाटते. दुसरा शब्द मला सापडत नाही, लॅटिनमध्ये असला तर कळव.

लॉरेनबाई काल येऊन गेल्या. फुलं आणली. माझं काम पाहून हॉस्पिटल मला कायमचा चॅप्लेन करायचं म्हणतंय, शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. मी म्हटलं, विचार करतो. स्नेहलता म्हणाली, त्यात विचार काय करायचाय, तुम्हाला ते छान जमतं.

गुडघ्याला तिळाचं तेल लाव. सगळ्यांना नमस्कार, तुझ्या त्या वांड मांजरालाही.

तुझा,
मधुकर
(उपाधी लिहिलेली नाही)

ता. क. वर मी लिहिलं की फोन कोणी उचलला नाही. ते खोटं आहे. पाप सांगायला बसलो आणि तिथेही खोटं लिहिलं, बघ. वाटलं, तू निदान तेवढं तरी चांगलं समजशील. तिने दुसऱ्या रिंगला उचलला. मी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलचा चॅप्लेन बोलतोय म्हणालो, तुमचे वडील शेवटच्या अवस्थेत आहेत, तुमची माफी मागतात म्हणालो. तिच्या मागे प्रेशर कुकर वाजत होता. मग म्हणाली, सुरेखा तर कधीच वारली, त्यांनीच आंघोळ केली ना, मग मेलेल्या माणसाला काय विचारता? आणि ठेवला. ते मी आत जाऊन कसं सांगणार होतो?

ता. क. २. ते गेल्यावर नवव्या दिवशी तिचा फोन आला. बरोबर चार वाजता. आवाज बसलेला होता, नऊ दिवस रडली असावी. म्हणाली, आबांना द्या फोन. इनास, मी म्हटलं, झोपलेत. तोंडातून निघून गेलं. म्हणाली, बरं, उद्या करते, त्यांना सांगा मी केला होता. त्याला आता तीन आठवडे झाले. रोज चार वाजता फोन वाजतो, मी उचलत नाही. स्नेहलताला वाटतं, इन्शुरन्सवाले आहेत. वडील गेल्याचं तिला तू सांग असं शुभमला म्हटलं तर म्हणतो, मी सांगणार नाही, आणि रडायला लागतो. तेव्हा खरी गोष्ट ही, की मला तुझ्याकडून क्षमा नको आहे. तू तिच्याकडे जा. वसईतच निर्मळच्या बाजूला राहते, नवरा तुमच्याच चर्चमध्ये येत असणार, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तिला सांग की वडील गेले, आणि कधी गेले ती तारीखही सांग, पत्त्याखालीच लिहिली आहे. पंच्याचं सांग, ते तिला कळेल. मी काय बोललो ते सांगायचं की नाही, हे तू ठरव, मला ठरवता येत नाही.

ता. क. ३. हे पोस्टाने गेलं तर बारा दिवस लागतील, आणि मला वाटतं म्हणूनच मी कागदावर लिहायला बसलो होतो. तेवढा वेळ आता नाही. मैत्रेयीला सगळ्या पानांचे फोटो काढून तुला पाठवायला सांगतो आहे (तिला मराठी समजतं पण वाचता येत नाही, म्हणून तिच्या हातात देता येतं). आत्ता फोन वाजला नाही, त्याऐवजी सुरेखाचा मेसेज आला. 'आदरणीय चॅप्लेनसाहेब, शाळेने रजा मंजूर केली. व्हिसासाठी तुमच्या हॉस्पिटलच्या लेटरहेडवर पत्र लागेल, वडील आजारी आहेत आणि मुलीला भेटू इच्छितात एवढंच लिहा. तुमच्या सहीने काम लवकर होईल असं एजंट म्हणतात. आबांना लसणाची चटणी चालते का, ते डॉक्टरांना विचारून कळवाल का?' फॉर्म भरायला ती उद्या दुपारी एजंटकडे जाणार आहे. तू सकाळीच जा.